घरच्या सापांसाठी उंदीर वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टेक्सासात राहतो आणि कॉर्न स्नेक व बॉल पायथन पाळतो. साप पाळणाऱ्या किंवा पाळू पाहणाऱ्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं एक म्हणणं सगळ्या उत्तरांत दिसेल, ते आधीच सांगतो. साप जसा आपण हौसेने घरी आणला, तसाच उंदीरही आपणच आणला. तो शेवटी सापाच्या पोटी जाणार असला, तरी जगेपर्यंत त्याचे हाल होऊ न देणं आणि मरताना त्याला यातना होऊ न देणं ही आपलीच जबाबदारी आहे.

एकच साप आहे. उंदीर घरी वाढवावेत का?

नाही. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक दहा ते चौदा दिवसांतून एक मोठा उंदीर खातो, म्हणजे वर्षाला साधारण २६ ते ३६ उंदीर. एक नर आणि दोन माद्या एकत्र ठेवल्या, तर महिन्याला पंधरा-वीस पिल्लं सहज होतात. दोनच महिन्यांत तुमच्याकडे वर्षभर पुरतील एवढे उंदीर होतील, आणि ते सगळे खातील, पितील, घाण करतील, आपसात भांडतील. एक-दोन सापांसाठी गोठवलेले उंदीर विकत आणणं स्वस्त पडतं आणि घरात शांतता राहते. वाढते पाच-सहा साप असतील किंवा तुम्ही सापांची पैदास करत असाल, तरच या उद्योगात पडा. सापाची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की दर आठवड्याला ताजी, नेमक्या आकाराची उंदरांची पिल्लं लागतात, आणि तिथे घरच्या पैदाशीला तोड नाही.

महाराष्ट्रात राहून हे करता येईल का?

आधी सापाचा प्रश्न सोडवा, मग उंदराचा. नाग, घोणस, धामण, मांडूळ, अजगर यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. हे साप पकडून घरी ठेवणं हा गुन्हा आहे. ‘सर्पमित्राने दिला’, ‘शेतात सापडला’ ही सबब चालत नाही. धामण बांधावर राहिली तर शेतकऱ्याचे उंदीर आपणहून खाते. तिला तिथेच राहू द्या.

परदेशी जातींचं वेगळं आहे. या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. त्यानुसार वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या करारातल्या, म्हणजे साइट्सच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते. बॉल पायथन त्या यादीत आहे. कागदपत्रांशिवाय कोणी विकत असेल तर घेऊ नका, कितीही गोंडस दिसलं तरी.

अमेरिकेतही सगळीकडे मोकळीक नाही. हवाईत कुठलाच साप पाळता येत नाही, न्यूयॉर्क शहरात पायथन पाळायला बंदी आहे आणि न्यू जर्सीत परवाना लागतो. घर बदलताना हे आधी तपासा.

उंदीर की रॅट?

रॅट म्हणजे उंदराचा आकाराने बराच मोठा भाऊबंद. कॉर्न स्नेक, किंग स्नेक, मिल्क स्नेक यांना आयुष्यभर छोटे उंदीर पुरतात. बॉल पायथन मोठा झाला की त्याला एका वेळी तीन-चार उंदीर द्यावे लागतात, म्हणून त्याला लहानपणीच रॅटची सवय लावलेली बरी. उंदरांवर वाढलेला बॉल पायथन पुढे रॅटकडे ढुंकूनही पाहत नाही, असं वरचेवर होतं. रॅट माणसाळतात, त्यांना वासही कमी येतो. उंदरांना जागा कमी लागते आणि त्यांची पिल्लं अगदी बारक्या सापांनाही देता येतात. पुढची सगळी उत्तरं छोट्या पांढऱ्या उंदरांबद्दल आहेत.

घरातले किंवा गोदामातले उंदीर पकडून आणले तर?

कधीही नको. त्यांच्या पोटात विष असू शकतं. रक्त गोठू न देणारं उंदराचं औषध खाल्लेला उंदीर दोन-चार दिवस हिंडत असतो, आणि तो खाणाऱ्यालाही त्या विषाची बाधा होऊ शकते. शिवाय पिसवा, कृमी आणि लेप्टोस्पायरोसिससारखे रोग. प्रयोगशाळांमध्ये किंवा हौशी पैदासकारांकडे पिढ्यानपिढ्या वाढलेले उंदीरच घ्या. सहा ते आठ आठवड्यांचे, डोळे स्वच्छ, नाक कोरडं, अंगावर केस तुळतुळीत. श्वास घेताना कटकट आवाज येत असेल, तर त्या पिंजऱ्यातला एकही उंदीर घेऊ नका.

राहायला काय लागतं?

उंच कडांचा मजबूत प्लॅस्टिक टब आणि वर घट्ट बसणारी जाळी. जाळीची भोकं पाव इंचाची हवीत. अर्ध्या इंचाच्या जाळीतून तीन आठवड्यांचं पिल्लू आरामात बाहेर पडतं. टबाच्या आतल्या कडा गुळगुळीत असू द्या, कारण दाताला धरायला जागा मिळाली की एका रात्रीत तिथे भोक पडतं. एका नराला आणि तीन माद्यांना पिल्लांसकट पुरेल एवढी जमीन हवी. पंचेचाळीस सेंटिमीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद याहून लहान टब घेऊ नका.

खाली दोन-तीन इंच भुसा. अ‍ॅस्पेन लाकडाचा किंवा कागदाचा असेल तर उत्तम. चीड (पाइन) आणि देवदार (सीडर) यांचा सुवासिक भुसा टाळा, त्यातली द्रव्यं उंदरांच्या फुप्फुसांना आणि यकृताला त्रास देतात. घरटं बांधायला साधे टिश्यू पेपर द्या. मादी ते फाडून, चावून ज्या नेटाने गोल घरटं विणते, ते बघण्यासारखं असतं. पुठ्ठ्याची नळीही ठेवा. उंदीर तिच्यात लपतात, आणि नळीसकट उचलता आले तर शेपूट धरून उचलण्यापेक्षा कमी घाबरतात. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे प्रयोगाने दाखवलं.

तापमान २० ते २४ अंश सेल्सिअस. टेक्सासच्या किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात गॅरेज, गच्चीवरची खोली ही जागा उंदरांसाठी नाहीच. त्यांना घाम येत नाही. पस्तिशीच्या वर पारा गेला की एका दुपारीत आख्खा टब मरून पडू शकतो. थंडी ते घरटं करून सोसतात, ऊन सोसत नाहीत.

खायला काय द्यायचं?

प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी मिळणारा गोळीखुराक सगळ्यात सोपा आणि पूर्ण. नुसत्या मोठ्या उंदरांना सोळा टक्के प्रथिनं चालतात, गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या माद्यांना अठरा ते वीस टक्के लागतात. खुराक मिळत नसेल तर गहू, ज्वारी, ओट आणि सोबत चांगल्या प्रतीचं कुत्र्याचं कोरडं खाणं असं मिश्रण करता येतं, पण मग उंदीर आवडीचं तेवढं निवडून खातात आणि बाकीचं तुडवतात. सूर्यफुलाच्या बिया भरपूर देऊ नका, चरबी चढते आणि चरबी चढलेली मादी लवकर गाभण राहत नाही.

मोठा उंदीर दिवसाला तीन ते पाच ग्रॅम खातो आणि त्याहून थोडं जास्तच पाणी पितो. पाण्याची बाटली रोज बोटाने दाबून बघा. बाटलीच्या नळीतली धातूची गोळी अडकली की बाटली भरलेली दिसते आणि उंदीर तहानेने मरतात. व्यालेल्या मादीला एक रात्र पाणी नाही मिळालं, तर सकाळी घरट्यात पिल्लं उरलेली नसतात.

नर-माद्यांचं प्रमाण काय ठेवावं? चक्र कसं चालतं?

एका नराला दोन ते चार माद्या. मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, १९ ते २१ दिवस गाभण राहते आणि एका वेतात सहा ते बारा पिल्लं देते. पिल्लं जन्मतात तेव्हा उघडी, गुलाबी, आंधळी असतात. पाचव्या-सहाव्या दिवशी लव येते, बाराव्या ते चौदाव्या दिवशी डोळे उघडतात, एकविसाव्या दिवशी दूध तोडायचं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. व्याल्यावर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते. नर टबातच असेल तर एक वेत अंगावर पीत असतानाच दुसरं पोटात वाढायला लागतं. दूध पाजण्यामुळे दुसरा गर्भ रुजायला काही दिवस उशीर होतो, तरीही महिन्याच्या आत पुढचं वेत येतं. मादीचं अंग यात झिजतं. व्यापारी पैदासकार तिला असंच ठेवतात आणि सात-आठ महिन्यांत बाद करतात. घरी तसं करायची गरज नाही. पोट दिसायला लागलं की मादीला वेगळ्या टबात न्या, शक्य असेल तर सोबत दुसरी गाभण मादी द्या. ओळखीच्या दोन माद्या एकाच घरट्यात व्यातात आणि एकमेकींची पिल्लं पाजतात, त्यामुळे पिल्लं जास्त जगतात. दूध तोडल्यावर आईला आठ-पंधरा दिवस विश्रांती द्या, मग पुन्हा त्याच नराकडे.

नर मध्येच बदलला तर काही बिघडतं का?

बिघडू शकतं. नुकत्याच गाभण राहिलेल्या मादीला अनोळखी नराचा वास आला तर गर्भ रुजत नाही आणि ती पुन्हा माजावर येते. हिल्डा ब्रूस या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९५९ मध्ये हे दाखवलं, म्हणून याला ब्रूस परिणाम म्हणतात. ‘नर बदलल्यापासून पिल्लंच नाहीत’ अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो: गाभण माद्या असताना बदललात का?

याच्या उलट, बऱ्याच दिवसांनी नर टबात आला की त्याच्या मुताच्या वासाने पुष्कळशा माद्या तिसऱ्या दिवसाच्या सुमारास एकदम माजावर येतात. सापाची अंडी कधी फुटणार ते माहीत असेल, तर उंदरांची वेतं त्या आठवड्यात येतील अशी आखणी याच्या आधारे करता येते.

मादी आपलीच पिल्लं खाते. काय करावं?

पहिल्या वेताला असं होतं, आणि पिल्लू मेलेलं किंवा दुबळं असेल तर आई ते खाऊन घरटं स्वच्छ ठेवते. तो तिचा स्वभाव आहे. पण वारंवार होत असेल तर कारण आपल्याकडे शोधा. पाणी संपलं होतं का, प्रथिनं कमी पडतात का, टबात दाटी झाली आहे का, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे तुम्ही घरट्यात डोकावता का. पहिले चार-पाच दिवस टब साफ करू नका, घरटं उकलू नका. टब टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्यापासून लांब ठेवा. उंदरांना आपल्या कानाला न लागणारे कर्कश आवाज ऐकू येतात; पिल्लंसुद्धा घरट्याबाहेर पडली की त्याच पट्टीत आईला हाक मारतात. साप, मांजर यांच्या शेजारी तर टब नकोच.

तीन वेतं लागोपाठ खाल्ली तर ती मादी पैदाशीतून काढा, तिच्या पोरीही पुढे ठेवू नका.

वास! सोसायटीतले लोक तक्रार करतात.

खरं आहे, हा या कामातला सगळ्यात मोठा त्रास. वास मुख्यतः नराच्या मुताला येतो. तो त्याने हद्द आखतो. तुम्ही टब चकाचक धुतलात की त्याची हद्द पुसली जाते आणि तो दुप्पट मुततो. म्हणून दर वेळी पूर्ण धुऊ नका. आठवड्यातून एकदा भुसा बदला, पण घरट्याचा कोरडा भाग मूठभर तसाच परत ठेवा. मुताचा कोपरा ठरलेला असतो, तो मधल्या दिवसांत काढून टाका. महिन्यातून एकदा टब गरम पाण्याने आणि पातळ व्हिनेगरने धुवा, वाळवा.

बाटली गळते का ते बघा. ओल्या भुशातून अमोनिया झपाट्याने सुटतो, आणि जाळीला नाक लावल्यावर आपल्या डोळ्यांत चुरचुरत असेल तर रात्रंदिवस त्यातच बसणाऱ्या उंदरांच्या छातीचं काय होत असेल, याचा विचार करा. नर जितके कमी तितका वास कमी. उदबत्ती, सुगंधी फवारे, नेफ्थलीनच्या गोळ्या उंदरांच्या खोलीत वापरू नका. आणि एवढं करूनही वन-बीएचके फ्लॅटमध्ये वास येणारच. बंद खिडक्यांच्या छोट्या घरात राहत असाल तर गोठवलेले उंदीर विकत घ्या, शेजाऱ्यांशी भांडण विकत घेऊ नका.

नर-मादी ओळखायचे कसे?

दोन पिल्लं शेजारी धरून शेपटीखाली बघा. मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतलं अंतर नरात जास्त, मादीत कमी. नवव्या-दहाव्या दिवशी, लव दाट व्हायच्या आत, माद्यांच्या पोटावर स्तनाग्रांचे ठिपके स्पष्ट दिसतात. ती सगळ्यात सोपी वेळ. तीन आठवडे पुरे झाले की नर वेगळे, माद्या वेगळ्या. पाचव्या आठवड्यानंतर भाऊ-बहीण एकत्र राहिले तर बहिणी गाभण झालेल्या आढळतील. एकाच वेतातले नर सहसा एकत्र राहतात, पण मादीजवळ जाऊन आलेला नर परत भावांत सोडला तर रक्त निघेपर्यंत मारामारी होते.

उंदीर मारायचा कसा? हे विचारायलाही नको वाटतं.

विचारायलाच हवं. हे नीट शिकायची तयारी नसेल तर पैदास सुरू करू नका, इतकं हे महत्त्वाचं आहे.

आधी काय करायचं नाही ते. जिवंत उंदीर किंवा पिल्लं फ्रीझरमध्ये टाकायची नाहीत. ‘थंडीने झोपी जातात’ हा समज चुकीचा आहे. बुडवायचं नाही, आपटायचं नाही. व्हिनेगर आणि खायचा सोडा मिसळून डब्यात वायू करण्याची युक्ती लोक एकमेकांना सांगतात. त्यात वायू किती आणि किती वेगाने येतो यावर ताबा राहत नाही, त्यामुळे उंदीर गुदमरत राहू शकतो.

मोठ्या उंदरांसाठी सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड, रेग्युलेटर आणि प्रवाहमापक लावून, ही पद्धत अमेरिकन पशुवैद्यकांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेत अटींसह मान्य आहे. डबा आधीच वायूने भरून ठेवायचा नाही. उंदीर आत ठेवून मग वायू हळूहळू सोडायचा. मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के असा वेग २०२० च्या आवृत्तीत दिला आहे. श्वास थांबल्यावरही काही मिनिटं वायू चालू ठेवायचा आणि श्वास, हृदयाचे ठोके दोन्ही बंद आहेत याची खात्री करूनच उंदीर बाहेर काढायचा. खोलीच्या खिडक्या उघड्या हव्यात, कारण हा वायू जमिनीलगत साठतो आणि माणसालाही घातक आहे.

नवजात पिल्लांचं वेगळं आहे. जन्मापूर्वी कमी प्राणवायूत वाढलेली असल्याने ती या वायूला खूप वेळ दाद देत नाहीत. मेली असं वाटून काढलेलं पिल्लू पुन्हा श्वास घेऊ लागतं. दहा दिवसांखालच्या पिल्लांसाठी दुसरी, शारीरिक पद्धत लागते आणि ती वाचून येत नाही. परदेशी प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडून किंवा अनुभवी पैदासकाराकडून समोर बसून शिका. जर्मनीत तर असं ज्ञान आणि कौशल्य असल्याशिवाय पाठीचा कणा असलेला प्राणी मारायला कायद्यानेच मनाई आहे, आणि मला तो नियम रास्त वाटतो.

जिवंतच दिला तर? जंगलात साप तसंच खातो ना?

जंगलात उंदराला पळायला जागा असते आणि सापालाही. काचेच्या पेटीत दोघांनाही नसते. सापाला भूक नसेल तर घाबरलेला उंदीर त्याला कुरतडतो; पाठीचं कातडं फाटून कणा दिसेपर्यंत कुरतडलेले साप पशुवैद्यांकडे येतात. बहुतेक पाळीव साप मेलेला, कोमट केलेला उंदीर बिनतक्रार खातात. अगदी डोळे न उघडलेली पिल्लं सापाला इजा करू शकत नाहीत, पण मोठा उंदीर जिवंत सोडून खोलीबाहेर जायचं नाही, एवढा नियम तरी पाळाच.

कुठल्या सापाला कुठला आकार?

उंदराची रुंदी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी किंवा किंचित जास्त. नुकत्याच जन्मलेल्या गुलाबी पिल्लाला पिंकी म्हणतात, वजन एक-दोन ग्रॅम. लव आलेली ती फझी, तीन ते पाच ग्रॅम. डोळे उघडून उड्या मारणारी ती हॉपर, सात ते बारा ग्रॅम. मोठा उंदीर वीस ते तीस ग्रॅम. कॉर्न स्नेकचं पिल्लू पाच-सात दिवसांनी एक पिंकी खातं. बॉल पायथनचं पिल्लू जन्मतःच मोठं असतं, ते थेट हॉपरपासून सुरू करतं.

गोठवणं आणि परत गरम करणं?

पिंकी आधी ताटलीत सुट्या गोठवा, मग पिशवीत भरा, म्हणजे चिकटत नाहीत. पिशवीवर आकार आणि तारीख लिहा. उणे १८ अंशांत सहा महिने चांगले राहतात. फ्रीझर वेगळा घ्या. गोठवल्याने साल्मोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारा जंतू, मरत नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गोठवलेल्या उंदरांमुळे माणसांना, त्यातही लहान मुलांना, साल्मोनेलाची लागण झालेली आहे. स्वयंपाकघरातली भांडी, ओटा, सिंक यांना उंदीर लागू देऊ नका.

द्यायच्या आदल्या रात्री बंद डब्यात, शक्यतो वेगळ्या फ्रिजमध्ये, वितळत ठेवा. मग पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवा, उंदराच्या अंगाएवढा, म्हणजे ३७-३८ अंश गरम झाला की पुसून लांब चिमट्याने द्या. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि फुटतो.

घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल आहे.

मग आत्ता सुरू करू नका. उंदरांमधून माणसात येणारा एलसीएम नावाचा विषाणू गर्भाला गंभीर इजा करू शकतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात उंदरांची पैदास करणाऱ्या एका ठिकाणच्या कामगारांना त्याची लागण झाली होती. घरात शिरलेले रानटी उंदीर आपल्या टबांपर्यंत पोहोचू न देणं हा मुख्य बचाव. काम झाल्यावर साबणाने हात, भुसा बदलताना हातमोजे आणि मास्क.

घरात शाकाहारी माणसं आहेत, गणपतीही बसतो. उंदीर मारलेला त्यांना चालत नाही.

लपवून करू नका. ज्यांना गणपतीच्या पायाशी उंदीर दिसतो, त्यांच्या मनाला हे लागतं, आणि ते लागणं खोटं नाही. साप आणायच्या आधी बोला: फ्रीझर कुठे असेल, कुणाला काय बघावं लागणार नाही, हे ठरवा. ते तयार नसतील तर सापाचा विचार सोडा. साप दूध पीत नाही आणि भाजीपोळीवरही जगत नाही, त्यामुळे यात मधला मार्ग नाही.

पैदास बंद करायची आहे. उरलेल्या उंदरांचं काय?

आज नर वेगळे काढा. गाभण माद्या पुढच्या तीन-चार आठवड्यांत व्यातील, ती शेवटची वेतं. म्हाताऱ्या माद्या मी सापाला देत नाही. दीड-दोन वर्षांचं त्यांचं आयुष्य, ते दोघी-तिघी एका टबात सुखाने काढतात आणि खर्च नगण्य असतो. बाकीचे दुसऱ्या साप पाळणाऱ्याला द्या. शेतात, नाल्यात, बागेत सोडू नका. पांढरा उंदीर तिथे एक-दोन रात्री टिकतो, आणि टिकलाच तर कुणाच्या तरी धान्याच्या कोठीत शिरतो.